भोंग्याला बांधलेलं शिसं

लातूर, फाल्गुन

प्रिय दत्ता,

तुझी क्लिप ऐकली. ट्रम्पेटच्या भोंग्याच्या, म्हणजे पुढच्या फाकलेल्या तोंडाच्या, गळ्याला शिशाची पट्टी गुंडाळल्यापासून आवाज भारदस्त झाला म्हणतोस, अन् आता बोटांनी दाबायच्या पिस्टनखालची जड झाकणंही मागवायला निघालास. थांब गड्या, पैसे उगं घालवू नको.

ट्रम्पेटात वाजते ती आतली हवा. जवळजवळ दीड मीटर नळी. तिचं पोट कुठं आवळलंय, तोंड कसं फाकलंय, त्यावर आवाज ठरतो. पितळाचा पत्रा त्या हवेला धरून ठेवतो, थोडाफार थरथरतोही. इंग्लंडचे वाद्यं बनवणारे रिचर्ड स्मिथ यांनी एकाच मापाचे पण वेगवेगळ्या जाडीचे ट्रॉम्बोनचे, म्हणजे सरकत्या नळीच्या पितळी वाद्याचे, भोंगे करून मुरलेल्या वादकांच्या हाती दिले, कोणता कोणता ते न सांगता. कुणालाच ओळखता आले नाहीत. उलट बाजूही सांगतो. अमेरिकेत टॉमस मूर या भौतिकशास्त्रज्ञानं ट्रम्पेटच्या भोंग्याला वाळूच्या पिशव्या लावून त्याची थरथर दाबली, फुंकायला कृत्रिम ओठ लावले, तर यंत्रावर फरक दिसला. म्हणजे तुझ्या पट्टीनं काहीच होत नाही असं नाही. पण तो फरक तुझ्या हाताला अन् कानाला. घोड्यामागं नाचणाऱ्या पोरांना त्याचा काय पत्ता? त्यात शेजारी ढोल!

वैशाखात दुपारच्या वरातीत वाद्य चढतं, त्याचं श्रेयही आपल्याकडं नव्या पॉलिशला देतात. तापलेल्या हवेत दर अंशाला नादाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरनं वाढतो, म्हणून सूर चढतो. पॉलिशचा काय संबंध!

आवाज खरा बदलायचा तर वस्तू हवेच्या वाटेत यावी लागते. म्युट, म्हणजे आवाज दाबायचं बोंडुक, भोंग्यात घातला की खालचा भरीवपणा जातो, आवाज चिरका होतो अन् सूरही किंचित चढतो. भोंग्यावर नुसता फेटा टाकून बघ, वरची धार लगेच मरते. म्हणून मला भीती तुझ्या पट्टीची नाही, मागच्या साली नळीला दिलेल्या कथलाच्या डागाची, म्हणजे जोडाची, आहे. बाहेरून तो छान घासलाय, पण कथलाचा थेंब आत उतरला असेल तर? भोंग्याजवळच्या रुंद नळीत तो खपून जाईल. माऊथपीसकडच्या, म्हणजे ओठ लावायच्या टोकाकडच्या, अरुंद नळीत नाही. माऊथपीसचं भोक तर साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचं, तिथं साचलेला हिरवट मळसुद्धा सूर ओढतो.

तेव्हा आधी हे कर. कोमट साबणपाण्यात ब्रश फिरवून नळी आतून धू. मग भोंग्याला रबरी बूच मारून ट्रम्पेट बादलीत बुडव अन् हळू फुंक. थुंकी काढायच्या चावीचा बूच झिजला असेल तर तिथूनच बुडबुडे येतील. तो बूच बदलायला चहापाण्याएवढे पैसे लागतात, अन् त्यानं खालचे सूर सरळ होतील.

अन् ती पट्टी काढच. शिसं विषारी असतं. हात लावून तसाच भाकरीवर बसू नको. जड पत्राच हवा असेल तर पितळेचा घे, शोभेला.

बुडबुडे कुठून आले ते कळव. डाग उकलायचा असेल तर लग्नसराई लागायच्या आधीच ये, नंतर मला मान वर करायला सवड नसते.

तुझाच,
बालाजी