तो आळस नाही, मनवा

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

फोन ठेवल्यापासून तुझ्या दिराचाच विचार डोक्यात आहे. कानातले आवाज थांबले, संशय गेला, म्हणून सगळ्यांना वाटलं पोरगा बरा झाला. आता तो अकरापर्यंत पडून असतो, आंघोळीचं चारदा सांगावं लागतं, विचारलं तर नुसतं ‘हं’. सासूबाई त्याला आळस म्हणतात. आळस नाही गं तो. सायकोसिसमध्ये, म्हणजे खऱ्या-खोट्याचं भान सुटतं त्या आजारात, नसलेलं ऐकू येतं, तसंच असलेलं ओसरतंही: बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांची ओढ, उमेद, आनंद. याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. पुष्कळदा ती आवाजांच्याही आधी सुरू झालेली असतात. त्यानं कॉलेजला दांड्या मारणं, मित्र तोडणं नेमकं कधी सुरू केलं, ते आठवून बघा. गोळ्यांनी आवाज थांबतात, ही लक्षणं मात्र त्यांना फारशी दाद देत नाहीत.

पण वरून अगदी अशीच दिसणारी आणि उपाय असलेली कारणंही असतात. ती आधी तपासायची. तो चालताना मागून बघ. हात झुलतात की अंगाला चिकटून राहतात? अक्षर बारीक झालंय? लाळ गळते, बटण लावायला वेळ लागतो? मग तो औषधानं आलेला ताठरपणा असू शकतो. डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल ही ताठरपणा कमी करणारी गोळी चालू असेल तर तिनं तोंड कोरडं पडतं, विसरायला होतं, म्हणून ती अजून लागते का हे दर वेळी विचारा. झोपेची झापड वेगळी: रात्रीची गोळी बाराला घेतली तर सकाळ जाणारच, ती नऊला घेता येईल का ते विचारून घ्या. बाहेर जात नाही तो इच्छा नाही म्हणून, की अजून भीती वाटते म्हणून? आणि उदासी. निगेटिव्ह लक्षणांत माणूस ‘काही वाटत नाही’ म्हणतो. उदासीत ‘मी ओझं झालोय’ म्हणतो, पहाटेच जागा होतो. तसं असेल तर मरणाचे विचार येतात का हे सरळ विचार. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत, आणि या आजारात पहिली काही वर्षं फार जपायची असतात. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहेच.

हे सगळं बघूनही उरलं, तर खरं काम घरातलं. यात बिघडतं ते बहुतेक पुढच्या गोष्टीची गोडी आधी वाटणं. प्रत्यक्ष करताना मजा बऱ्यापैकी येते. म्हणून ‘काय करावंसं वाटतं?’ विचारू नका, उत्तर ‘काही नाही’च येणार. ‘चल, दूध आणू’ म्हणायचं आणि सोबत निघायचं, रोज त्याच वेळेला. ‘चहा कर’ हे त्याच्यासाठी एक काम नाही, सहा आहेत: भांडं काढ, पाणी मोज, गॅस लाव, साखर-पावडर, दूध, गाळणं. पहिल्या आठवड्यात नुसतं आधण त्यानं ठेवावं, पुढचं तू कर. जमलं की एक पायरी वाढव. आठ दिवस अडला तर पायरी मोठी झाली असं समज, पोरगा हट्टी झाला असं नाही. प्रश्न विचारलास की मनात दहा मोज, मधे सासूबाईंना उत्तर देऊ देऊ नकोस. चेहरा कोरा असला तरी आत सगळं पोचतं, हे त्यांना मुद्दाम सांग. टोमणे आणि हातात ताट देऊन भरवणारी काळजी, दोन्हींनी आजार उलटायचा धोका वाढतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञांनी घराघरांतलं बोलणं मोजून हे दाखवलं होतं.

सुस्त वाटतो म्हणून गोळी मात्र कुणी परस्पर बंद करू नये. पहिल्या झटक्यानंतरही ती साधारण वर्ष-दोन वर्षं तरी चालवतात.

पुढच्या तपासणीला जाताना वहीत आठवड्याचं लिहून ने: किती वाजता उठला, गोळी किती वाजता घेतली, आपणहून किती वाक्यं बोलला, आधण किती दिवस ठेवलं.

तुझी,
आई