वगाला वेळ द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसऱ्यापासून वैशाखापर्यंत खान्देशातील यात्रांमधून तमाशाचे फड हिंडतात आणि तमाशात आता वग, म्हणजे शेवटी होणारे कथानाट्य, उरला नाही, नुसती चित्रपटांतली गाणी उरली, अशी तक्रार दरवर्षी गावोगाव ऐकू येते. तक्रार खरी आहे. मात्र तिचा सगळा दोष फडमालकांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवता येते, पण ते दिवस बहुतांशी गणेशोत्सव, नवरात्र अशा मोठ्या सणांतच संपतात. आजारी माणसांना आणि परीक्षेच्या मुलांना झोप हवीच, तेव्हा नियमाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. अडचण अशी, की गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा क्रम पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळासाठी बेतलेला आहे. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरते. तिथल्या त्या उन्हात दिवस मावळण्याआधी कनातीत कोण बसणार? जेवणे आटोपून मंडळी नऊला येतात, गवळण संपते न संपते तोच दहा वाजतात आणि वगावर कात्री चालते.

यात प्रेक्षकांचा वाटाही कमी नाही. वगाला पूर्वी लिखित संहिता क्वचितच असे; कथानक ठरलेले, पण संवाद नट उभ्या उभ्या रचत. सोंगाड्या समोरच्यांचा कल पाहून विनोद लांबवी किंवा आवरता घेई, आणि आपल्याकडे तर तो मधेच अहिराणीत शिरून गावच्या सरपंचालाही सोडत नसे. ऐकणाराच नसेल, तर असा खेळ उभा राहणार कसा? आज पुढच्या रांगांत मोबाइल धरलेले हात वर असतात आणि राजाने दरबारात तोंड उघडले, की 'गाणं लावा' असा गलका सुरू होतो. (शिट्ट्यांबद्दल माझी तक्रार नाही, ती तमाशाची जुनी दाद आहे.) गाणे चित्रफितीत सहज बसते, वगातला पेच मात्र तासभर बसून ऐकल्याशिवाय उलगडत नाही, आणि तेवढे बसायला आपण आता तयार नाही.

म्हणून यात्रा समित्यांना विनंती आहे, की सुपारी देतानाच वग कोणता आणि त्याला किमान दीड तास मिळणार का, हे ठरवून घ्यावे. खेळ साडेसातला सुरू होईल असे पत्रकात छापून तो खरोखरच तेव्हा सुरू करावा. पहिल्या वर्षी निम्मी कनात रिकामी राहील, राहू द्यावी. तसेच जळगाव, धुळे व नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी १५ दिवसांची यादी करताना अमळनेरची यात्रा, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा अशा मोठ्या यात्रांचा निदान एकेक दिवस तीत धरावा.

आपला विश्वासू,
एक तमाशारसिक, अमळनेर (जि. जळगाव)