त्रास नाही म्हणालास, म्हणून लिहितेय

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालास, "आई, शुगर चढी असते, पण मला त्रास काहीच नाही." धास्ती वाटली ती त्या 'त्रास नाही'चीच.

मधुमेह टोकांपासून पोखरतो. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यांत लांब. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्या नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या, दोन्ही खराब होतात. आधी बोटांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, मग बधिरपणा मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. पुढे हातांची बोटंही बधिरतात. काहींना तर मुंग्या, आग काहीच जाणवत नाही, थेट बधिरपणाच येतो.

आग होते तेव्हा माणूस निदान डॉक्टरांकडे जातो. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, बूट चावलेला कळत नाही, पाणी किती कढत आहे तेही कळत नाही. घाम कमी होऊन टाचांना भेगा पडतात. जखमेपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही चढ्या साखरेत मंदावतात. मग साधा फोड चिघळत हाडापर्यंत जातो आणि बोट, कधी अख्खा पाय कापावा लागतो. बाळा, तुला घाबरवायचं नाही, पण हे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं.

कधी एक पाय सुजतो, लाल आणि गरम होतो, पण फारसा दुखत नाही. आत हाडं मोडत असू शकतात. तसं दिसलं तर त्या पायावर भार देऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघ. तळवा दिसत नसेल तर आरसा धर. कुरूप ब्लेडने कापू नकोस. सिगारेट मात्र आजच सोड, ती याच रक्तवाहिन्या आणखी अरुंद करते.

आणि इन्सुलिन पुढे ढकलणं थांबव. टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा रुग्णांवरच्या डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 साली आले: साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत नसांचा आजार सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाला. एवढं तुझ्या हातात आहे, रे.

तुझ्या मधुमेहाला पाच वर्षं झाली, आता दरवर्षी पायांची तपासणी हवीच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मोजे काढ आणि पाय दाखव. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला की आकडा मला कळव, कितीही असला तरी.

तुझी,
आई