'गदर' हे वृत्तपत्रही आठवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळेगाव ढमढेऱ्याचे क्रांतिकारक विष्णु गणेश पिंगळे यांचे नाव निघाले की मेरठच्या लष्करी छावणीत बॉम्बसह झालेली अटक आणि १६ नोव्हेंबर १९१५ची लाहोरची फाशी, एवढेच आपल्याकडे सांगितले जाते. अमेरिकेतील हिंदुस्थानी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाच्या ज्या 'गदर' (म्हणजे बंड) या वृत्तपत्राभोवती पिंगळे आणि त्यांचे सहकारी जमले, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, याची खंत वाटते.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत लाला हरदयाळ यांच्या संपादकत्वाखाली 'गदर'चा पहिला अंक उर्दूत निघाला. पुढच्याच महिन्यात गुरुमुखी आवृत्ती आली. पिंगळ्यांबरोबर फासावर गेलेला करतार सिंग सराभा छापखान्यात राबत असे. पैसा वाचकांचाच होता. हे वाचक म्हणजे ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत घाम गाळणारे पंजाबी मजूर. हिंदुस्थानात अंकांना बंदी होती, तरी ते चोरवाटांनी पोहोचत. हाँगकाँग, मनिला, सिंगापूरच्या हिंदुस्थानी लोकांच्या वस्त्यांतही जात.

'शूर शिपाई पाहिजेत. पगार मृत्यू, बक्षीस हौतात्म्य' ही त्यातली जाहिरात नेहमी उद्धृत होते. ती अंगावर काटा आणतेच. पण मला त्याहून जहाल वाटतो तो त्यातला 'अंग्रेजी राज का कच्चा चिठ्ठा' हा मजकूर. देशातून किती पैसा बाहेर जातो, माणशी उत्पन्न किती तुटपुंजे आहे, दुष्काळात आणि प्लेगात किती माणसे मेली, याचा तो हिशेब होता आणि शेवटी बजावणी असे: १८५७ला ५६ वर्षे झाली, आता दुसरा उठाव हवा. आपल्याला गाव सोडून परमुलखात मजुरी का करावी लागते, याचे उत्तर त्या मजुराला तिथे मिळत होते. त्यातल्या कविता तर सभांमधून म्हटल्या जात. त्यांची 'गदर दी गूँज' ही पुस्तिका फुकट वाटली गेली.

महाराष्ट्राशी या पत्राचा धागा केवळ पिंगळ्यांपुरता नाही. लोकमान्यांचा त्यात गौरव झाला आणि सावरकरांचा सत्तावनच्या समरावरील ग्रंथ क्रमशः छापला गेला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तर गदर पक्षाच्या उभारणीतलेच.

१९१४मध्ये अटकेनंतर हरदयाळांना अमेरिका सोडावी लागली. पुढे संपादक झालेल्या रामचंद्र यांचा १९१८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भर न्यायालयात गोळी घालून खून झाला.

आपल्या वृत्तपत्राने येत्या १ नोव्हेंबरला एक पान 'गदर'साठी द्यावे, ही विनंती. त्यात हा कच्चा चिठ्ठा आणि दोन-चार कविता मराठीत छापाव्यात. तळेगावच्या शाळांतली मुले पिंगळ्यांच्या जयजयकाराबरोबर हा मजकूरही वाचतील.

– एक वाचक, शिरूर (जि. पुणे)