वृद्धाश्रमातील स्वयंपाकघराकडेही पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई जळगाव जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात दोन वर्षे होती. तिथल्या स्वयंपाकीण मावशी कळण्याची भाकरी कोमट वरणात कुस्करून, एकही गुठळी राहिली नाही याची बोटांनी खात्री करूनच गिळायला त्रास होणाऱ्यांपुढे ठेवत. कोणाचा चहा बिनसाखरेचा, कोणाची भाजी कमी मिठाची, कोणाच्या ताटात काय उरले, हे सारे त्यांना तोंडपाठ असे. आईचे जेवण कमी झाल्याचे आम्हां घरच्यांआधी त्यांच्याच लक्षात आले. तरीही त्यांना ना साप्ताहिक सुटी, ना वेतनचिठ्ठी, ना कसले प्रशिक्षण. मे महिन्यात पत्र्याखालच्या त्या स्वयंपाकघरात (खानदेशातील वाचकांना ऊन वेगळे सांगायला नको) उभे राहणेही कठीण होते. ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे. परंतु तिथे रांधणाऱ्या-वाढणाऱ्यांना किमान वेतन आणि पथ्याचे, अन्नस्वच्छतेचे शिक्षण मिळाल्याखेरीज ती अपुरीच आहे. समाजकल्याण विभागाने तपासणीला आल्यावर खोल्यांबरोबरच स्वयंपाकघराचा हजेरीपट आणि वेतनपत्रकही पाहावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, भुसावळ