घर घेतलंय, नदीजवळ

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात, म्हणून लिहिते आहे. घर घेतलं. सह्या झाल्या, किल्ल्या पुढच्या महिन्यात मिळतील. गाव विंडसर. हो, तेच राजवाड्याचं. आणि हो, थेम्सच्या काठावरचं. आई, लगेच पानशेत काढू नकोस.

मला माहीत आहे, नारायण पेठेतलं सगळं आठवून तुझ्या पोटात गोळा येणार. इथेही 1947 च्या मार्चमध्ये मोठा पूर आला होता, लपवत नाही. पण वरच्या अंगाच्या मेडनहेड गावापासून इथवर मूळ नदीला जोडून साडेअकरा किलोमीटरचा नवा प्रवाह खणलाय. ज्युबिली रिव्हर म्हणतात, 2002 पासून चालू आहे. पाणी वाढलं की जादाचं तिकडे सोडतात. शिवाय आपलं घर अगदी काठावर नाही, चढावर आहे. काठाला हंस असतात, त्यांना बघायला मुद्दाम उतरून जावं लागतं.

चढाचीच तर सगळी गोष्ट आहे, बाबा. इंग्लंडच्या जुन्या सॅक्सन राजांचा वाडा इथे नव्हताच, तो खालच्या अंगाला जुन्या विंडसरला होता. 1066 मध्ये त्यांच्याकडून इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मंडीच्या विल्यमने लंडनभोवती किल्ल्यांचं कडं उभं केलं. त्यातला एक, साधारण 1070 च्या सुमाराला, नदीवर नजर ठेवता येईल अशा या पांढऱ्या टेकाडावर बांधला. टेकाड खडूचं आहे. खडू म्हणजे खडूच, तुमच्या सदऱ्याच्या खिशात सापडायचा तो. पुढे पहिल्या हेन्रीने दरबारच इथे हलवला, मग नावही वर आलं आणि किल्ल्याच्या पायथ्याशी नवं गाव वसलं. 1277 मध्ये त्याला राजाची सनद मिळाली. आपल्याकडे वाड्याभोवती पेठा वसल्या, तसंच.

गावात टाउन हॉलसारखी इमारत आहे, गिल्डहॉल. 1687 मध्ये काम सुरू झालं, पूर्ण केलं ख्रिस्तोफर रेन या वास्तुकाराने. गावकऱ्यांना वरचा मजला खाली येईल अशी भीती, म्हणून मधे खांब घालाच असा हट्ट. रेनने घातले, पण बोटभर आखूड! गोष्ट रचलेली असेल, फट मात्र खरी आहे, मी मान वर करून पाहिली. तुम्ही आलात की तिथून हलणार नाही, हे मी आत्ताच लिहून देते.

आता तुमचा खरा राग. ‘पेशवाई बुडवली त्यांच्याच दारात राहायला चाललीस?’ आई म्हणाली की तुम्ही असं म्हणालात. बाबा, 17 नोव्हेंबर 1817 ला शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण चढलं, तेव्हा ज्याच्या नावाने ते चढलं तो तिसरा जॉर्ज याच किल्ल्यात होता. पूर्ण आंधळा, कानाने जवळपास गेलेला, बुद्धी भ्रमलेली. कारभार 1811 पासून मुलाच्या हाती. पुणं पडलं हे त्याला कळण्यासारखी अवस्थाच नव्हती. पुढच्या वर्षी राणी शार्लट गेली, तेही उमगलं नाही. 1820 च्या जानेवारीत तो इथेच वारला. मला त्याचा राग येत नाही हो. टिपूच्या सिंहासनावरचं वाघाचं सोन्याचं मुंडकं किल्ल्यात मांडलंय, स्फटिकाचे दात वासून, ते पाहताना मात्र येतो.

त्या म्हाताऱ्याचं वाचताना तुमचीच आठवण आली. म्हणजे तशी नव्हे! तुम्ही दोघं ठणठणीत आहात. फक्त आई पडली ते मला चार दिवसांनी, तेही मावशीकडून कळलं, ते अजून टोचतं. मी कायमची गेले असं समजू नका. नोकरी इथे, मुलांच्या शाळा इथे, भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा, आणि लंडनमध्ये तुम्हाला खोली देता आली नसती. इथे देता येते, तळमजल्यावर, न्हाणीघर लागून. जिना चढायचाच नाही. उशाशी खिडकी आहे. आई, देवघराला कोनाडाही आहे, पूर्वेला.

खाण्याची काळजी नको. शेजारचं स्लाव गाव सहा मिनिटांवर, छोटी आगगाडी जाते. मेथी, कढीपत्ता, ओला नारळ, सगळं मिळतं. रेल्वे 1849 मध्ये आली तेव्हा पलीकडच्या ईटनच्या शाळेने खूप विरोध केला होता, पोरं लंडनला पळतील म्हणून! आई, तू मला पुण्याहून एकटीला मुंबईला पाठवताना हेच म्हणाली होतीस आणि वर डब्यात साटोऱ्या दिल्या होत्यास. आवाज म्हणाल तर हीथ्रोची विमानं डोक्यावरून जातात. बाबांना आवडतील, तू कानात कापूस घाल.

आता नीट ऐका. बाबा, पासपोर्टची मुदत बघा, ‘बघू’ म्हणू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी उरका, फाटकासमोरच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. रक्तदाबाची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. आई, न्हाणीघरात दांडी बसवायला माणूस गुरुवारी येईल, त्याला चहा पाजून परत पाठवू नकोस, दांडी बसवून घे. आणि मे महिन्यात या. एप्रिल अजून गार असतो.

घराचा रंग तुम्हाला विचारून ठरवीन. पिवळा सोडून.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, ही बातमी आत्याला तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.