ताडपत्री, करंबळ आणि भेकराएवढी हरणं

अटलांटा,
८ डिसेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आमच्या फ्लोरिडाच्या सहलीबद्दल तू सारखा "एकूण किती लागले ते सांग" एवढंच विचारत होतास आणि मागून वहिनी "डिस्नी नको हं" म्हणून बजावत होत्या. त्या गोंधळात सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. आकडा आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. आम्ही चौघं (मी, मेघा, ईरा आणि आई), सहा रात्री, जाऊन-येऊन जवळजवळ १९०० मैल. गॅस (गाडीचा, शेगडीचा नव्हे), मोटेलं, टोल, खाणं, सगळं धरून ११०० डॉलरच्या आत बसलं. आई बरोबर असताना हे जमलं याचं मलाच आश्चर्य वाटतंय, कारण आईला चहा तिच्याच पातेल्यातला लागतो हे तुला माहीतच आहे.

युक्ती म्हणशील तर एकच. फ्लोरिडा कीजला, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांच्या माळेला ('की' म्हणजे छोटं बेट), जाणारे लोक आधी बेटावरचं हॉटेल बघतात, दर पाहून घाबरतात आणि बेत रद्द करतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यात मला तिथे एका रात्रीचे तीनशेच्या वर सांगत होते. आम्ही उलटं केलं. आधी अभयारण्यं ठरवली आणि बेटं त्यांच्या अवतीभवती बसवली. मुक्काम फ्लोरिडा सिटीत, मुख्य भूमीवरच्या शेवटच्या गावात. तिथून पश्चिमेला एव्हरग्लेड्सचं दलदलीचं राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेला कीज. चार रात्री एकाच खोलीत, रोज सकाळी डबे भरून बाहेर. खोली काही फार बरी नव्हती. एसी रात्रभर खोकायचा. पण फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि फुकटचा नाश्ता होता, मग आणखी काय पाहिजे?

दुसरी गोष्ट म्हणजे ईरा यंदा चौथीत आहे. चौथीतल्या मुलांना इथे 'एव्हरी किड आउटडोअर्स' नावाचा वर्षभराचा फुकट पास मिळतो, आणि त्यावर राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत अख्खी गाडी आत सोडतात. नुसत्या एव्हरग्लेड्सलाच एरवी गाडीमागे ३५ डॉलर आहेत. आम्ही वेबसाइटवरून कागद छापून नेला. ईराने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सहा दिवस स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि प्रत्येक फाटकावर काच खाली करून स्वतःच दाखवला. घरातली कर्ती बाई तीच आहे अशा थाटात.

पहिला मुक्काम टायटसव्हिलला. सकाळी मेरिट आयलंड अभयारण्य पाहिलं. तिथे ब्लॅक पॉइंट नावाचा सात मैलांचा कच्चा रस्ता आहे, गाडीत बसूनच पक्षी बघायचे. आईच्या गुडघ्यांना हे फार मानवलं. गुलाबी चमचे पाहिले, म्हणजे आपल्या चमच्या पक्ष्याचाच भाऊबंद, पण जास्वंदीचं पाणी ओतल्यासारखा गुलाबी.

मग तिथून दक्षिणेला पेलिकन आयलंड. सुहास, एवढीशी जागा आहे, पण मी तुला हात जोडून सांगतो, चुकवू नकोस. अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य हेच. त्या काळात बायकांच्या टोप्यांवर खोवायला पिसं लागत आणि त्यासाठी फ्लोरिडातले पक्षी थव्यांनी मारले जात. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हे चिमुकलं बेट राखीव केलं आणि राखणीला पॉल क्रोगेल नावाच्या जर्मनीहून आलेल्या माणसाला नेमलं. पगार महिना १ डॉलर, कारण सरकारने पैसेच मंजूर केले नव्हते! बजेट-बजेट करत मी घरी मोबाइलवर तक्ते मांडत होतो, त्याची मला तिथे जरा लाजच वाटली.

बेटावर जाता येत नाही. समोरच्या मचाणावरून बघायचं, आणि मचाणापर्यंत लाकडी फळ्यांची वाट आहे. प्रत्येक फळीवर एकेका अभयारण्याचं नाव आणि साल कोरलेलं. चालत जाल तसं साल मागे मागे जातं, आणि वर पोचता पोचता १९०३. ईरा ओरडून एकेक नाव वाचत पुढे निघाली. मागे बघतो तर आई कठड्याला धरून, पाऊल तिरकं टाकत, अगदी कडेने चाललेली. म्हटलं गुडघा दुखतोय का? तर म्हणते, "अरे, नावं लिहिलीत त्यावर, पाय कसा द्यायचा?" शेवटपर्यंत तशीच गेली. मेघा मग चपला हातात घेऊन तिच्या मागोमाग कडेनेच.

एव्हरग्लेड्सला दोन दिवस दिले आणि तेही कमीच पडले. तिथला रॉयल पाम नावाचा थांबा आहे ना, त्याच्या वाहनतळावर मला आयुष्यातला एक नवा अनुभव आला. गिधाडं. मेलेल्या जनावरावरची नव्हेत, गाड्यांवरची! तिथल्या काळ्या गिधाडांना रबराचा शौक आहे. वायपरचं रबर, खिडकीच्या कडेची पट्टी, सनरूफची गोट, जे सापडेल ते उपसून काढतात. म्हणून उद्यानवाल्यांनीच ताडपत्र्या आणि हुकाचे ताणपट्टे ठेवलेत, फुकट. पावसाळ्यात आपल्या सोसायटीत गच्चीवर बांधायचो ना, तश्शा निळ्या. मी आणि मेघाने गाडी अशी गुंडाळली की जणू ती बोहल्यावर चढणार आहे. शेजारच्या एका गृहस्थाने नुसतं हसून दुर्लक्ष केलं. तासाभराने आम्ही परतलो तेव्हा त्याच्या टपावर तीन गिधाडं बसली होती आणि एकाच्या चोचीतून वीतभर काळी पट्टी लोंबत होती. तू जाशील तेव्हा आळस करू नकोस. पट्टे खालून आडवे घे, नाहीतर वाऱ्याने ताडपत्री उडते.

तिथेच ॲन्हिंगा ट्रेल आहे, पाण्यावरून जाणारी छोटीशी सपाट वाट. ॲन्हिंगा म्हणजे आपला तिरंदाज रे, भिगवणला उजनीच्या पाण्यात नुसती मान वर काढून पोहताना आपण पाहिलेला, त्याचा इकडचा नातलग. मासा पकडून वर आला की पंख पसरून वाळत घालतो, कारण त्याची पिसं भिजतात. आमच्यापासून चार हातांवर एक बसला होता, ओल्या टॉवेलसारखे पंख टांगून. खाली चिखलात ॲलिगेटर, लाकडाच्या ओंडक्यासारखा, आणि त्याच्या पाठीवर कासव.

पुढे रस्ता संपतो ते ठिकाण फ्लेमिंगो. नाव फ्लेमिंगो, पण फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, बघायला मिळणं नशिबाची गोष्ट. तेही त्या पिसांच्या आणि मांसाच्या शिकारीत शंभरेक वर्षांपूर्वी संपले. अलीकडे, २०२३ च्या इडालिया वादळानंतर, काही थवे फ्लोरिडात येऊन पडले होते म्हणतात. आई म्हणाली, "रोहित बघायचे तर भिगवणला ये म्हणावं यांना." पण धक्क्यावर दोन समुद्रगायी दिसल्या, धक्क्याच्या खांबांवरचं शेवाळ निवांत ओरबाडत होत्या. आणि काठावर क्रोकोडाइल. ॲलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही एकत्र नांदतात ती जगात हीच एक जागा, दक्षिण फ्लोरिडा. आपण मराठीत दोघांनाही मगर म्हणून मोकळे होतो. ईराने मला फरक शिकवला. निमुळतं तोंड आणि मिटल्यावरही खालचा दात दिसतो तो क्रोकोडाइल, रुंद तोंडाचा तो ॲलिगेटर.

येताना 'रॉबर्ट इज हिअर' या फळांच्या दुकानात थांबलो. १९५९ साली सहा वर्षांचा रॉबर्ट वडिलांच्या काकड्या विकायला रस्त्याकडेला बसला, कुणी थांबेना, म्हणून वडिलांनी त्याच्या नावाची मोठी पाटी लावली, तेच पुढे दुकानाचं नाव झालं. तिथे एका टोपलीवर पाटी होती, 'कॅरंबोला'. आई म्हणाली, "हे करंबळ आहे." मी म्हटलं, आई, स्टारफ्रूट म्हणतात. "म्हणू देत. करंबळच आहे. माझ्या माहेरी विहिरीजवळ झाड होतं." रात्री शब्दकोश उघडला तर कॅरंबोला हा शब्द पोर्तुगीजांनी मराठीतूनच उचललेला! आई त्यानंतर दोन दिवस कुणाशीही बोलताना विषय करंबळावर आणत होती. तिने मोटेलमध्ये मीठ-तिखट लावून त्याची कोशिंबीर केली, ती थोडी तुरट झाली, पण ते तिला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

आता बेटं. फ्लोरिडा सिटीपासून निघालेला रस्ता मुख्य भूमी सोडल्यावर बेटांमागून बेटं ओवत ११३ मैल जातो, ४२ पुलांवरून. हेन्री फ्लॅग्लर नावाच्या उद्योगपतीने १९१२ मध्ये इथे समुद्रावरून रेल्वे नेली होती. १९३५ च्या वादळात ती वाहून गेली आणि उरलेल्या खांबांवर १९३८ मध्ये रस्ता झाला. पत्ते सगळे मैलांच्या दगडांवर. बहिया होंडा हे राज्य सरकारचं उद्यान ३७ व्या मैलावर. तिथे ईराचा पास चालत नाही, गाडीमागे ८ डॉलर आणि वर माणशी ५० सेंट, चौघांचे मिळून १० झाले. संपूर्ण सहलीतलं हे एकच तिकीट. तिथला जुना पूल बघच. आगगाडी लोखंडी सांगाड्याच्या पोटातून जायची, पण दुपदरी रस्ता त्यात मावेना, म्हणून पठ्ठ्यांनी रस्ता सांगाड्याच्या डोक्यावर बांधला. त्याच्या खाली बसून आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या खोलीतही स्वतःच्या पायाची बोटं मोजता येतात.

सेव्हन माईल ब्रिज सात मैलांना थोडा कमीच भरतो, ईराने मोजला. शेजारचा जुना पूल आता फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना. फुकट. सकाळी जा, दुपारी सावलीचा पत्ता नाही.

आणि बिग पाइन की. इथे रस्त्यावर वेगमर्यादा एकदम खाली येते, रात्री तर ताशी ३५ मैल. ती हरणांसाठी. की डिअर म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचीच जात, पण भेकराएवढी. हिमयुगानंतर समुद्र वर आला, ती बेटांवर अडकली, आणि थोडक्या चाऱ्या-पाण्यावर पिढ्यान् पिढ्या आखडत गेली. १९५० च्या सुमारास पन्नासच्याही खाली आली होती. १९५७ मध्ये अभयारण्य झालं, आता शेकड्यांनी आहेत. २०१६ मध्ये मांस खाणाऱ्या अळ्यांची साथ येऊन शंभराहून अधिक मेली. तेव्हा वांझ केलेल्या माश्या सोडून ती साथ मोडली. फाटक नाही, तिकीट नाही. संध्याकाळी साडेपाचला आम्ही एका गल्लीत गाडी उभी केली. एक मादी कुणाच्या तरी टपालपेटीखालून निघाली आणि आईच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. कानाच्या आतल्या शिरा दिसत होत्या. आईचा हात आपोआप पिशवीतल्या केळ्याकडे गेला. खायला घालणं बेकायदा आहे हे मी कुजबुजून सांगितलं. आईने केळं ठेवलं, पण त्या हरणीला "नंतर हं" असं म्हणाली.

चूक एकच झाली, आणि ती माझी. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना की वेस्टला नेलं. बहुतेक रस्ता एकेरी पदराचा, सगळा फ्लोरिडा तोच बेत करून निघालेला. जाताना चार तास, पार्किंगला एक. क्युबापासून ९० मैल म्हणून लिहिलेल्या त्या रंगीत पिंपासमोर फोटोची रांग पाहिली आणि आईने "लांबूनच काढ" म्हटलं. रस्त्यातून मोकाट फिरणारे कोंबडे ईराला आवडले, मॅलरी स्क्वेअरचा सूर्यास्त मेघाला. परत पोचायला मध्यरात्र झाली आणि आईचा गुडघा दुसऱ्या दिवशीही सुजलेला. जायचंच तर मंगळवारी-बुधवारी जा. की वेस्टच्याही पलीकडच्या ड्राय टॉर्टुगास बेटांची बोट माणशी दोनशेच्या पुढे आहे, तिकडे आम्ही बघितलंसुद्धा नाही.

खाण्याचं वहिनींना सांग. इलेक्ट्रिक कुकर, तांदूळ-मुगडाळीचं मिश्रण पिशव्यांत भरून, मेतकूट, तूप, दशम्या पहिल्या तीन दिवसांच्या. बाहेर फक्त दोनदा जेवलो. पीच पास (आमच्या जॉर्जियाची टोलची पट्टी) फ्लोरिडातही चालतो, तुझ्याकडच्या टोलच्या पट्टीचं तू बघून घे.

तुमचा निनाद पुढच्या सप्टेंबरात चौथीत जाईल ना? म्हणजे पास त्याचा. माझा मोठा कूलर घेऊन जा. त्याच्या झाकणाचं रबर मात्र फाटलंय, आणि ते गिधाडाने नाही, ईराने फाडलंय.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू